उन्हाळ्यातला डोह

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परीक्षा संपल्या, नदी आटत आली, गावातली पोरं रोज गळ आणि जाळी घेऊन डोहावर जातायत, आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकून तुझे हात शिवशिवतायत, आणि पाऊस यायला अजून अवकाश आहे. तोवर काय करावं, असं तू विचारलंयस. उत्तर आधीच सांगून टाकतो. गळ कमी टाक. पाणी आणि रान बघायला शिक. मासेमार घडतो तो याच दिवसांत, आणि माग काढणाराही. एवढं उथळ पाणी आणि एवढं उघडं रान वर्षात पुन्हा दिसत नाही.

आधी डोहाचं बोलू. नदीची धार तुटली की मैलभर पात्रातला सगळा जीव उरलेल्या दोन-चार डोहांत गोळा होतो. मासे, खेकडे, कासवं, त्यांच्यावर जगणारे बगळे आणि खंड्ये, आणि रात्री पाणी प्यायला येणारं रान. अशा डोहात जाळं टाकलं तर भरून येणारच. त्यात कसब काही नाही. मासा हुशारीनं सापडलेला नसतो, त्याला पळायला जागाच उरलेली नसते.

पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पाणी ३० अंशांवर गेलं की साडेसातच्या आसपास. आणि मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाणी तापलं की त्याच्या शरीराची गरज उलट वाढते. त्यात रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पतीही प्राणवायू ओढत राहतात. ऊन नसल्यानं नवा तयार होत नाही. म्हणून सगळ्यात वाईट वेळ असते ती पहाटेची. उजाडताना डोहाच्या पृष्ठभागावर माशांची तोंडंच तोंडं दिसली, तर ‘आज मासे खवळलेत’ म्हणून लोक काठ्या घेऊन धावतात. ते मासे खायला वर आलेले नसतात. ते गुदमरत असतात.

मरळ, शिंगी आणि देशी मांगूर यांचं मात्र वेगळं आहे. त्यांना हवेतूनही श्वास घेता येतो, म्हणून ते एरवीही वर येतात, एक घोट हवा घेतात आणि लगेच खाली जातात. तोंड उघडं ठेवून वरच रेंगाळणारा मासा आणि घोट घेऊन गडप होणारा मासा, यांतला फरक तुला आठवडाभरात कळायला लागेल. तो कळला की डोह कसा आहे हे काठावर उभं राहूनच सांगता येईल. पहिल्या प्रकारचे मासे दिसले तर त्या दिवशी तिथे गळ नको, पोहणं नको, म्हशीही दुसरीकडे उतरवता आल्या तर बघ.

पुढच्या पावसाळ्यात नदीभर पसरणाऱ्या माशांचं बियाणं याच डोहांत उरलेलं असतं. आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यात वैतरणेकाठच्या तिळसेश्वराच्या डोहात देवाचे म्हणून मासे राखलेले आहेत. महासीरसारखा मोठा मासा तिथे माणसाच्या हाताजवळ फिरतो, कारण त्याला तिथे कुणी धरत नाही. कधी जमलं तर जाऊन ये. राखलेल्या पाण्यात मासा किती मोठा होऊ शकतो, ते एकदा डोळ्यांनी बघितलं की आपल्या गावच्या डोहात बोटभर मासेच का उरलेत, हा प्रश्न आपोआप पडतो. गावातल्या चार पोरांना बरोबर घेऊन एक डोह, फक्त एक, पाऊस पडेपर्यंत राखायचा असं ठरवून बघ. ग्रामपंचायतीशी बोल. मला विचारशील तर या उन्हाळ्यात याहून मोठं काम तुझ्या हातून होणार नाही.

सुरुंग, विष आणि विजेचा करंट यांच्या वाटेला जाऊ नकोस. कुणी बोलावलं तरी नाही. पाण्यात स्फोटकं आणि विष टाकायला या देशात १८९७ सालापासून कायद्यानं बंदी आहे. स्फोटात हाताला लागतो त्याहून जास्त मासा तळाशी मरून पडतो, शिवाय अंडी-पिल्लं, बेडूक, खेकडे सगळं संपतं. मासे गुंगवायला हिंगणबेट किंवा गेळफळ ही रानफळं ठेचून पाण्यात टाकणं जुनं आहे म्हणून निरुपद्रवी समजू नकोस. वाहत्या पाण्यात ते पातळ होऊन जायचं, तुंबलेल्या डोहात जात नाही.

गळाची हौस आहे, ती मी मोडणार नाही. मोठ्या धरणाच्या जलाशयावर जा, तिथे पाणी पुष्कळ असतं. मात्र बहुतेक जलाशयांचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो. तिच्या माणसांना विचारूनच बस. ते लोक त्याच पाण्यावर पोट भरतात, आणि तासभर त्यांच्याजवळ बसलास तर पाण्याबद्दल इतकं कळेल की माझ्या पत्राची गरज राहणार नाही. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात मासेमारी नाही. चिलापी लागली तर खुशाल घरी ने. हा तिलापिया १९५२ साली बाहेरून आपल्याकडे आणला गेला. त्याची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे तो झपाट्यानं वाढतो आणि देशी माशांची जागा खातो. देशी मासा, विशेषतः पोटात गाभोळी म्हणजे अंडी असलेली मादी, परत सोड.

सोडायचा असेल तर नीट सोड. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं आधीच दाबून टाक, म्हणजे गळ अलगद निघतो. मासा धरण्यापूर्वी हात ओले कर. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे रोग धरतो. कल्ल्यात बोट घालू नकोस. फोटोसाठी उन्हात धरून बसू नकोस. दमलेल्या माशाला पाण्यात सरळ धरून ठेव, त्यानं स्वतः शेपटी मारली की सोड. भर उन्हाळ्यात, दुपारच्या कोमट पाण्यात झुंजलेला मासा सोडला तरी बऱ्याचदा वाचत नाही. म्हणून सोडायच्या इराद्यानं गळ टाकणार असशील तर दुपार टाळच. गळाला कासव लागलं तर ओढाओढ न करता गळ जमला तर काढ, नाही तर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तोंडाजवळ कापून त्याला जाऊ दे. कासव घरी नेणं गुन्हा आहे. आणि तंगूसाचा एक तुकडाही काठावर टाकू नकोस. पाणकावळ्यांचे आणि बगळ्यांचे पाय त्यात अडकतात आणि ते उपाशी मरतात.

आता रानाचं. आजोबांच्या काळात शिकार होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी ती संपली. हे तुला ठाऊक आहे, पण त्या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊक नसतं. फासे लावणं, जाळ्यात धरणं, आमिष दाखवणं, हाकारून काढणं, पक्ष्याची किंवा सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी उचलणं, घरटं विस्कटणं, हे सगळं त्यात येतं. गलोलीनं तितर पाडणं आणि घोरपड धरणं तर येतंच. रानडुकरं पिकात शिरत असतील तर त्यासाठी वनखात्याकडे अर्ज करायची वेगळी वाट आहे, ती वडिलांना घेऊ दे.

पण आजोबांच्या हातातली बंदूक गेली म्हणून त्यांचे डोळे वाया जाऊ देऊ नकोस. ते कुठे बसायचे, वारा कसा बघायचे, जनावर कुठल्या वाटेनं पाण्यावर येईल हे कशावरून सांगायचे, ते सगळं त्यांच्याकडून लिहून घे. या उन्हाळ्यातच घे. सलीम अलींनी लहानपणी एअरगननं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती घेऊन ते मुंबईतल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारायला गेले. आणि तिथून देशाला पक्ष्यांचा सगळ्यात मोठा जाणकार मिळाला. १८८३ साली निघालेल्या त्या संस्थेच्या सुरुवातीच्या मंडळींतही शिकारीचे शौकीन होतेच. बारीक बघायची सवय त्यांना शिकारीनंच लावली होती.

सराव डोहाच्या काठच्या ओल्या वाळूपासून सुरू कर. सकाळी ऊन तिरपं असताना जा. सावलीमुळे ठसा खोल दिसतो. दुपारी तोच ठसा सापडणार नाही. वाघ-बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कुत्रा, कोल्हा, लांडगा, तरस यांची उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो. अस्वलाचं मागचं पाऊल अनवाणी माणसाचं वाटेल, पण पुढे लांब नखांच्या खुणा असतात. रानडुकराच्या खुरांमागे बहुधा दोन बारीक टोचे दिसतात, चितळाच्या मागे कडक जमिनीत दिसत नाहीत. खडकावर माशांचे खवले आणि काटे असलेली विष्ठा सापडली तर ती पाणमांजराची असू शकते. ती जागा कुणालाही सांगू नकोस, वनरक्षकाला मात्र सांग. ठसा कधीचा हे ओळखणं खरं अवघड. कडा धारदार आहेत की ढासळल्यात, ते बघ. रात्री फिरणाऱ्या किड्यांची रेघ ठशाच्या वरून गेली असेल तर जनावर तिच्या आधी गेलंय. ठशानं ती रेघ मोडली असेल तर नंतर.

या दिवसांत पात्रात चालताना पायाखाली बघ. टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते, सहसा चार, आणि ती खड्यांत खड्यांसारखीच दिसतात. ती डोक्यावरून ओरडत झेपावू लागली की तिथेच थांब, आल्या पावलांनी मागे फीर. कडक उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, ती गारव्यासाठी. पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा नदी सुरयही मार्च ते मेमध्ये वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. तू तिथे गळ टाकून तासभर बसलास तर पक्षी वरच घिरट्या घालत राहतो, आणि खाली अंडी भाजून निघतात.

दोन गोष्टींची मात्र भीती ठेव. सांगलीकडची कृष्णा, महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी, या नद्यांत मगरी आहेत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी काठावर अंडी घालते आणि जागा राखते. अशा ठिकाणी काठाला खेटून बसायचं नाही, पाण्यात पाय सोडायचे नाहीत. आणि विदर्भाच्या रानात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, तेव्हा पहाटेच्या अंधारात मोहाखाली जाऊ नकोस. अस्वलही तिथेच असतं.

पाणवठ्यावर बसायचं तर लांब बस, वारा तुझ्या तोंडावर येईल असं बस, आणि ऊन उतरायच्या आत निघ. जनावराला पाण्यावर यायची वाट मोकळी हवी. दुसरं पाणी जवळ नसेल, तर तू तिथे असल्यामुळे एखादी भेकर तहानलेली परत जाईल. रात्र बघायचीच असेल तर बुद्धपौर्णिमेला ताडोबा, पेंच, मेळघाट अशा ठिकाणी वनखातं लोकांना मचाणावर बसू देतं, त्यासाठी नाव नोंदव. त्या रात्री पाण्यावर आलेली जनावरं मोजतात, पण त्या आकड्यांवरून जनावरांची खरी संख्या ठरत नाही. वाघांचा देशभरचा अंदाज २००६ पासून दर चार वर्षांनी घेतला जातो आणि त्याचा मुख्य आधार आता कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, आहे. तरीही जा. चांदण्यात रात्रभर न बोलता बसायची सवय दुसरीकडे कुठे लागणार?

एक वही कर. तारीख, वेळ, वारा, डोहाचं पाणी कुठल्या दगडापर्यंत आहे, काय दिसलं, काय ऐकलं. पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, नवरंग कधी आला, चातक कधी दिसला. काहीच दिसलं नाही तर ‘काही नाही’ असंही लिही; पुढे वही चाळताना ते फार उपयोगी पडतं.

पहिला मोठा पाऊस झाला की चढणीचे मासे वर निघतील, कोकणातले लोक ज्याला वलगण म्हणतात तेच. पोटात अंडी घेऊन ते उथळ पाण्याकडे धावतात आणि ओढ्याच्या तोंडाशी अर्धा गाव टोपल्या घेऊन उभा असतो. तू बघायला जा, टोपली नेऊ नकोस. नंतर काठाच्या गवताजवळ तांबूस पिल्लांचा दाट थवा एकत्र फिरताना दिसला, तर ती मरळीची पिल्लं. खाली मोठी मरळ राखण करत असते आणि अशा वेळी ती गळावर चटकन येते. तिथे गळ टाकू नकोस. ती गेली की पिल्लं दिवसभरात इतर माशांच्या तोंडी जातात.

ठशांचे फोटो पाठव. बाजूला काडेपेटी ठेवून काढ, म्हणजे माप कळेल. आणि डोह राखायला कोण कोण तयार झालं, ते लिही.

तुझा,
काका