पेशी जगते, वाचते, टिकते की तगते?

प्रश्न असा आलाय की अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार) पेशंटसाठी माहितीपत्रक मराठीत करताना 'सेल सर्व्हायव्हल'ला 'पेशींचे अस्तित्व' आणि 'ग्रोथ फॅक्टर'ला 'वृद्धिघटक' लिहिलंय, चालेल का?

अस्तित्व अजिबात नको, ते दगडालाही असतं. 'जगणं' चूक नाही पण मोघम आहे. 'वाचणं' म्हणजे संकट येऊन गेलं आणि आपण सुटलो. 'टिकणं' म्हटलं की किती दिवस हा हिशोब आला, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातली पेशी मुळात टिकायला आलेलीच नसते, अस्तरातल्या बारीक खळग्याच्या तळाशी तयार होते, वर सरकत सरकत चार-पाच दिवसांत पृष्ठभागावर येते आणि गळून पडते, हे धडधाकट माणसातही रोज चालू असतं.

माझं मत 'तगणं'ला. पावसाने ओढ दिली तरी विहिरीच्या दोन पाण्यांवर कपाशी तगली म्हणतो ना, तसं. त्यात त्रास अजून चालूच आहे आणि बाहेरून आधार मिळतोय म्हणून निभावतंय, हे दोन्ही येतं. सुजलेल्या आतड्यात हेच होतं. तिथे टीएनएफ नावाचं प्रथिन भरपूर सुटलेलं असतं, ते पेशीला मरायचा संदेश देऊ शकतं आणि तग धरायचाही, कुठला वरचढ ठरेल ते बाकीचे कुठले संदेश पोचतायत त्यावर. आणि इतर पेशींकडून संदेशच आले नाहीत तर बहुतेक पेशी स्वतःच स्वतःला संपवतात, असं जीवशास्त्रज्ञ मार्टिन रॅफ यांनी १९९२ मध्येच मांडलं होतं.

आता 'वृद्धिघटक'. निम्मे वाचक म्हातारपणाकडे जातील हो! 'वाढघटक' करा. पण नावात वाढ असली तरी काम तेवढंच नाही. शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांना ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, असाच एक वाढघटक) सापडलं ते उंदराच्या लाळग्रंथीच्या अर्कात, तो टोचल्यावर नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले, दातही लवकर आले, मग नावात वाढ आली ती आलीच (१९८६चं नोबेल या कामासाठी, रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत). त्याच घराण्यातलं न्यूरेग्युलिन-४ घ्या, ते आतड्याच्या पेशींना तगवतं पण त्यांची संख्या वाढवत नाही, मग कसली वाढ? म्हणून पहिल्या उल्लेखाला 'वाढघटक, म्हणजे पेशींना वाढवणारी किंवा तगवणारी प्रथिनं' असं सरळ लिहा. 'तगवणे' हे रूप मराठीत तयारच आहे.

'सिग्नलिंग'साठीचं 'संकेतन' खोडा, 'संदेश' पुरतो. 'इन्फ्लमेशन'साठी 'दाह'पण नको, पेशंट अ‍ॅसिडिटी समजतो, डॉक्टरसुद्धा आतड्याला सूज आहे असंच सांगतात.

२००३ साली ब्रिटनमधल्या २४ पेशंटवरच्या चाचणीचा उल्लेख करणार असाल, जिथे ईजीएफचा एनिमा घेतलेल्या १२ पैकी १० जणांचा आजार दोन आठवड्यांत शमला आणि नुसत्या एनिमावाल्या १२ पैकी एकाचाच, (सूज कमी करणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या दोन्हीकडे होत्या), तर तिथे 'आजार शमला' म्हणा, 'बरा झाला' नको, कारण कोलायटिस पुन्हा उलटतो.

आणि पत्रकातल्या 'सुदैवाने पेशी तगतात' मधलं 'सुदैवाने' काढाच. कोलायटिस बरीच वर्षं राहिला तर कॅन्सरचा धोका वाढतो, आणि बिघडलेली पेशीसुद्धा याच संदेशांवर तगू शकते.