मिनी ट्रॅक्टरचे पुढचे वजन : विकत घ्यावे की घरी ओतावे?

वरुड तालुक्यातील एका संत्रा उत्पादकाने विचारले आहे की, 24 अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरमागे फवारणीची 400 लिटरची टाकी भरून जोडली की धुरा (शेताचा बांध) ओलांडताना पुढची चाके उचलली जातात. त्यावर उपाय म्हणून ब्रॅकेटसह (वजन अडकवायच्या चौकटीसह) 80 किलोची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वजने 13,500 रुपयांना घ्यावीत, की परदेशात बर्फ हटवणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांच्या व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे सिमेंटचे वजन ओतून गावातल्या वेल्डरकडून 3,000 रुपयांत बसवून घ्यावे? पैसे पीक कर्जातून काढण्याचा त्यांचा विचार आहे.

या 80 किलोंतून आपल्याला नेमके काय मिळते, ते आधी पाहू. दोन्ही आसांमधील (अ‍ॅक्सलमधील) अंतर दीड मीटर आणि टाकीचा भार मागच्या आसापासून एक मीटर मागे धरला, तर मागे टाकलेले प्रत्येक 100 किलो पुढच्या चाकांवरचे सुमारे 67 किलो काढून घेतात. उलट पुढच्या आसाच्या 40 सेंटिमीटर पुढे टांगलेले 80 किलो तिथे सुमारे 100 किलोंचे काम करतात. म्हणजे 150 लिटर पाणी कमी भरले तरी तोच परिणाम साधतो, आणि तोही फुकट. केवळ स्वतःच्या बागेपुरती फवारणी असती, तर टाकी 250 लिटरच भरा आणि एक रुपयाही घालू नका, असेच मी सांगितले असते.

मात्र आपण शेजाऱ्यांच्या बागाही भाड्याने फवारता आणि वर्षाला असे सुमारे 30 दिवस भरतात, असे लिहिले आहे. दिवसाला 2,000 लिटर पाणी लागत असेल, तर 250 लिटरने आठ खेपा होतात आणि 400 लिटरने पाच. भरायला व औषध कालवायला खेपेमागे 20 मिनिटे धरली, तर रोज एक तास वाचतो. मजुरीसह त्या तासाचे 150 रुपये धरल्यास वर्षाचे 4,500 रुपये होतात. या हिशेबाने बिडाची वजने तीन वर्षांत फिटतात.

3,000 रुपयांचा पर्याय स्वस्त दिसतो, पण त्यातली बचत नको त्या ठिकाणी केलेली आहे. वजन कशाचेही चालते. जोड मात्र कसाही असून चालत नाही. सपाट अंगणात बर्फ लोटणे वेगळे आणि काळ्या मातीतले धुरे दिवसभर ओलांडणे वेगळे. शिवाय पुढच्या आसाचा आधार बहुधा बिडाचा असतो आणि साध्या वेल्डिंगने बीड नीट धरत नाही. वजन निखळून चाकाखाली आले, तर वाचवलेले पैसे एका दुरुस्तीत जातील.

म्हणून ब्रॅकेट कंपनीचेच घ्यावे, मूळ भोकांत बोल्टने कसावे आणि वजन घरी ओतावे. आपल्याला मिळालेल्या दरपत्रकात ब्रॅकेटचे 4,000 रुपये वेगळे दाखवले आहेत. खाद्यतेलाचे 15 किलोचे दोन रिकामे डबे सिमेंट, वाळू व गिट्टीने भरले की साधारण 80 किलो होतात. अडकवण्याची सळई आणि अँगल ओतण्यापूर्वीच आत बसवावेत आणि ओला बारदाना टाकून तीन आठवडे पाणी मारावे. डबे मुद्दाम दोन सांगतो, कारण टाकी सोडल्यावर वजन उतरवायचे असते. नाहीतर पुढचे टायर आणि बेअरिंग विनाकारण झिजतात. सगळे मिळून 6,000 रुपयांत बसेल आणि दीड वर्षाच्या आत वसूल होईल. भंगाराचा भाव किलोला 30 रुपये धरला, तर बिडाचे पुढे 2,400 रुपये परत येतील हे खरे, पण तेवढ्यासाठी आज 7,500 रुपये जास्त अडकवण्यात मला अर्थ दिसत नाही.

पीक कर्जाला मात्र हात लावू नये. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्यालाच शून्य टक्क्याचा लाभ मिळतो. या 6,000 रुपयांपायी परतफेड चुकली, तर 2 लाखांच्या कर्जावर 7 टक्क्यांनी वर्षाचे 14,000 रुपये व्याज अंगावर येईल. हा खर्च फवारणीच्या भाड्यातूनच करावा, आणि तेवढी रक्कम जमेपर्यंत टाकी 250 लिटरच भरावी. विक्रेता सुटे ब्रॅकेट देत नसेल, तर वेल्डरकडे न जाता सरळ पूर्ण संच घ्यावा. पुढच्या आसावर किती भार चालतो, हेही त्याच्याकडून लेखी घ्यावे.