साक्षीदार दवाखान्यात, तारीख कशी मागायची?

अरे, 'साक्षीदार आजारी आहे, सबब मुदत मिळावी' एवढी एकच ओळ लिहून सांगलीच्या कोर्टात उभा राहू नकोस. न्यायाधीश साहेब लगेच विचारणार, त्याच्यावाचून काय अडलंय? तुझा दावा मृत्युपत्राचा. ते शाबीत करायला सही करणाऱ्या साक्षीदारांपैकी निदान एक हयात असेल तर तपासावाच लागतो. दुसरा वारलाय ना? मग त्याचा मृत्यूचा दाखला अर्जालाच जोड. मिरजेत अ‍ॅडमिट असलेल्या म्हाताऱ्या साक्षीदाराचं महत्त्व आपोआप कळेल.

मेडिकल सर्टिफिकेट 'विश्रांतीचा सल्ला' छापाचं नको. आजार काय, अ‍ॅडमिट कधी केलं, हिंडता-फिरता कधी येईल, हे डॉक्टरांकडून लिहून घे. प्रत समोरच्या वकिलांना आदल्या दिवशीच दे; ऐन पुकाऱ्याला, म्हणजे केसचं नाव पुकारल्यावर दिली की ते 'सक्त हरकत' खरडून मोकळे होतात.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 नियम 1 प्रमाणे सुनावणीत एका पक्षाला तीनच मुदती, म्हणजे पुढच्या तारखा. हाताबाहेरच्या कारणाला सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सेलम बारच्या, म्हणजे सेलमच्या वकील संघाच्या खटल्याच्या निकालात वाट ठेवलीय, पण तिच्या भरवशावर आधीच्या तारखा उधळू नकोस. मी उधळल्या होत्या. पुरावा बंदचा आदेश झाला, म्हणजे पुढे पुरावा देताच येईना, आणि पक्षकार महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

खरं तर नुसती तारीख मागूच नकोस. म्हातारा लवकर उठणार नसेल तर आदेश 26 खाली कोर्ट कमिशनरचा, म्हणजे साक्ष नोंदवायला कोर्टाने माणूस नेमावा असा अर्जही सोबत दे. सरतपास (आपल्या बाजूची साक्ष) शपथपत्रावर, उलटतपास (समोरच्या वकिलांचे प्रश्न) खाटेजवळ. आणि हो, कॉस्टचे, म्हणजे तारखेपायी कोर्ट भरायला लावेल त्या खर्चाचे पैसे पक्षकाराला खिशात घेऊनच यायला सांग.