विशेषणं काढ, काम ठेव

अगं, स्वतःची ओळख करून देणाऱ्या मेलचा तुझा ड्राफ्ट वाचला आणि खरं सांगतो, वैताग आला. त्या रेडीमेड टेम्प्लेट्सचा, ज्यांनी तुला असं लिहायची सवय लावली. "मी मेहनती, पॅशनेट, क्विक लर्नर आणि टीम प्लेअर आहे" असं सहा ओळी चाललंय आणि मग सातव्या ओळीत अगदी अंग चोरून "एक छोटंसं प्रोजेक्टही केलंय", की लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी पुस्तक सापडेल असा सर्च तू बनवलास. अगं हेच तर सांगायचंय ना! ज्या मॅडमना तू लिहितेयस त्या स्वतः सर्चवर काम करतात, मेहनती तर त्यांना येणारा प्रत्येक मेल असतो, ऱ्हस्व-दीर्घाशी झटापट केलेली मुलगी किती वेळा भेटत असेल?

विशेषणं काढ, काम ठेव.

रामानुजन यांनी 16 जानेवारी 1913 ला केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं त्याची सुरुवात काय आहे, तर मी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या अकाउंट्स खात्यात क्लार्क आहे, पगार वर्षाला फक्त 20 पौंड. युनिव्हर्सिटीचं शिक्षण नाही हेही सरळ सांगून टाकलंय. आता तू म्हणशील की त्यात "इथल्या गणितज्ञांना माझे निष्कर्ष थक्क करणारे वाटतात" असंही वाक्य आहे. आहे, मान्य. पण हार्डींना खिळवून ठेवलं ते सोबतच्या पानांवरच्या सूत्रांनी. ती पानं नसती तर त्या वाक्याला कोणी विचारलं असतं?

मला माझ्या उमेदवारीत बऱ्याच जणांनी सांगितलं की तुझी ओळख फार कोरडी असते, जरा स्वतःला विकायला शीक. नाही शिकलो. एक चांगलं काम त्यापायी हातचं गेलं, ते ज्याला मिळालं त्याच्या ओळखीत विशेषणांची नुसती रांग होती, आणि ते काम मला मनापासून हवं होतं, त्याची हळहळ आजही आहे. पण ज्या माणसांनी माझ्या चार कोरड्या ओळी वाचून उत्तर दिलं त्यांच्याबरोबर मी वर्षानुवर्षं काम केलं, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की मला काय येतं आणि काय येत नाही. त्यामुळे मी हट्टी आहे असं वाटलं तर वाटू दे.

आता लिही. तू कोण ते एका ओळीत. काय बनवलंस, ते कुठे बघता येईल, लिंक. मग तू कुठे अडकलीयस. तू मला फोनवर म्हणालीस ना, की ऱ्हस्व-दीर्घ एकच धरलं की "दिन" शोधताना "दीन" पण येतं आणि नको ती पुस्तकं वर चढतात, तो प्रश्न विचार त्यांना. "मार्गदर्शन करावे" असं मोघम लिहू नकोस, त्याचं उत्तर द्यायला समोरच्याला अर्धा दिवस लागतो म्हणून कोणी देतच नाही. नेमक्या प्रश्नाला माणूस चहा पिता पिता उत्तर देतो. आणि "तुमचं काम खूप इन्स्पायरिंग आहे" हेही काढ, तेसुद्धा विशेषणच आहे, त्यांच्या कामातलं नेमकं काय वापरलंस ते सांग, काहीच वापरलं नसेल तर गप्प बस.

लिंक्डइनवरून रिक्वेस्ट पाठवणार असशील तर नोटला जागा अगदी थोडी असते, आणि देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात हे तुला मी काय सांगू, "क्षि" म्हणजे चार कॅरॅक्टर: क, हलंत, ष आणि वेलांटी. तिथे फक्त प्रोजेक्ट आणि प्रश्न ठेव. सही करताना "ॲस्पायरिंग" वगैरे लावू नकोस, सर्च चालतोय ना तुझा? मग तू सर्च बनवणारी आहेस.

"छोटंसं" हा शब्द तर आधी खोड. नवीन ड्राफ्ट आज रात्रीच पाठव, पाच ओळींच्या वर गेला तर न वाचता परत पाठवीन.