आयटीआय की गॅरेज? ट्रॅक्टर-डिझेलचं काम शिकणाऱ्यांचे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की या सदराकडे हाताला काम शोधणाऱ्यांची पत्रं वाढतात. या वेळी डिझेल इंजिन आणि शेती-यंत्रांच्या दुरुस्तीबद्दलची तीन घेतली आहेत. मी आधी गॅरेजमध्ये शिकलो, मग आयटीआयात शिल्पनिदेशक म्हणून शिकवलं. त्यामुळे दोन्हीकडची बाजू मला ठाऊक आहे.

प्रश्न : माझं वय १९. दहावीला गणित-विज्ञान होतं, बारावी कला शाखेतून केली. गावातल्या ट्रॅक्टर गॅरेजमध्ये हेल्पर आहे. मेस्त्री म्हणतात, आयटीआयची पोरंसुद्धा पाना धरायला आमच्याकडेच येतात, तू कशाला तिकडे जातोस? पण इंजिन बांधायची वेळ आली की मला पार्ट धुवायला नाहीतर सामान आणायला पाठवतात. काय करू?
(एक वाचक, ता. करमाळा)

उत्तर : आयटीआयला जा. तुझ्या मेस्त्रींचं निम्मं बोलणं खरं आहे. आयटीआयच्या वर्कशॉपमधलं इंजिन कितीदा तरी खोललेलं असतं. त्यावर चिखल नसतो, बोल्ट गंजून अडकलेले नसतात आणि पेरणी खोळंबली म्हणून कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी शेजारी नसतो. ते सगळं तुला गॅरेजनं दिलंय, ते कमी समजू नकोस. उरलेलं निम्मं मात्र तूच लिहिलं आहेस : इंजिन बांधताना तुला बाजूला काढतात. यात मेस्त्रींचा दुष्टपणा नाही. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना शिकाऊ पोराच्या हातात कोण मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं हत्यार) देणार? गॅरेजमध्ये हात बसतो, माप शिकायचं राहून जातं.

क्रँकचंच, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्यानं फिरणाऱ्या दांड्याचंच बघ. ऑइल प्रेशर उतरलं म्हणून इंजिन खाली घेतलं. पुष्कळ ठिकाणी जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, नख फिरवतात. ओरखडा लागला तर क्रँक घासायला जातो, नाही लागला तर त्याच साइजची बेअरिंग पडते. नखाला ओरखडा कळतो, झीज कळत नाही. जर्नल सगळीकडून सारखा झिजत नाही, एका अंगानं जास्त झिजतो आणि गोल राहत नाही. म्हणून एकाच जर्नलवर चार मापं घ्यायची : दोन्ही टोकांना, आणि प्रत्येक टोकाला काटकोनात दोनदा. मायक्रोमीटरवर ०.०१ मिमीचा फरकही दिसतो. एकाच टोकाच्या दोन मापांत फरक आला तर जर्नल लंबगोल झालाय, दोन टोकांत फरक आला तर त्याला उतार पडलाय. हे आकडे कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडले की मग ठरतं, क्रँक तसाच चालेल की ०.२५ मिमी घासून अंडरसाइज (आतून लहान मापाची) बेअरिंग टाकायची. तुमच्या गॅरेजात तिला ‘दहा थाऊ’ (इंचाचे दहा सहस्रांश) म्हणत असतील. अंदाजानं बसवलेली बेअरिंग उसाच्या वाहतुकीत ट्रॉलीचं ओझं पडलं की आवाज करायला लागते आणि शेतकऱ्याचा दुप्पट खर्च होतो. हे मला बघवत नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय. पिस्टनची रिंग लायनरमध्ये सरळ बसवून फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तिची फट बघणं, हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं (ठरलेला जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं) आवळणं, हे सगळं सवडीनं पुन्हापुन्हा करायला आयटीआयातच मिळतं.

आता ट्रेड, म्हणजे कोणता अभ्यासक्रम घ्यायचा ते. मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक ट्रॅक्टर हे एकेका वर्षाचे आहेत, मेकॅनिक ॲग्रिकल्चरल मशिनरी दोन वर्षांचा. दहावीच्या गुणांवर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून प्रवेश होतो. तिन्ही ट्रेड प्रत्येक संस्थेत नसतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी जवळच्या दोन-तीन संस्थांत जाऊन वर्कशॉप डोळ्यांनी बघ. यंत्रांवर धूळ आहे की ऑइलचे हात, एवढं बघितलंस तरी पुष्कळ कळेल. पुढे गावात स्वतःचं गॅरेज टाकायचं असेल तर माझा कौल दोन वर्षांच्या ट्रेडला. गिऱ्हाईक नुसता ट्रॅक्टर घेऊन येत नाही, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, मळणीयंत्रही आणतं. नोकरीकडे ओढा असेल तर मेकॅनिक डिझेल घे. एसटी आणि रेल्वे शिकाऊ उमेदवार घेतात, त्या जाहिरातींत या ट्रेडचं नाव असतं.

आयटीआय झालं की लगेच गावाकडे फिरू नकोस. शिकाऊ उमेदवारीचा १९६१ चा कायदा आहे, त्याखाली विद्यावेतन देऊन शिकवतात. ट्रॅक्टरच्या कारखान्यात नाहीतर अधिकृत डीलरच्या वर्कशॉपमध्ये ती उमेदवारी कर. तिथं सर्व्हिस मॅन्युअल उघडून काम चालतं आणि ती सवय लागली की जन्मभर जात नाही. आणि मेस्त्रींशी भांडून निघू नकोस. सुट्टीत त्यांच्याकडे जात राहा. आवाजावरून दोष ओळखणारा त्यांचा कान तुला कुठल्याही संस्थेत मिळणार नाही.

प्रश्न : मुलगी दहावी झाली. तिला मेकॅनिक ट्रॅक्टरला जायचं आहे. घरचे म्हणतात, हे जड काम आहे, पोरीला झेपणार नाही. मला तिचं मन मोडवत नाही, पण काळजी वाटते.
(एक आई, ता. कन्नड)

उत्तर : ताई, तिला पाठवा. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स हातानं उचलायची गोष्टच नाही, पुरुषानंही उचलू नये. क्लचप्लेट बदलायला ट्रॅक्टर मधोमध वेगळा करतात, तेव्हा मागच्या भागाखाली स्टँड असतो आणि इंजिनकडचा भाग चाकांच्या जॅकवर पुढे सरकवतात. त्याआधी पुढच्या एक्सलवर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकाव्या लागतात, कारण तो एक्सल मधल्या पिनवर झुलता असतो. पाचरी विसरल्या तर अख्खं इंजिन एका अंगाला कलंडतं. म्हणजे इथं ताकदीपेक्षा क्रम ध्यानात ठेवणारं डोकं लागतं. ज्या गॅरेजात चार जण मिळून हातानं ओढाओढ करतात, तिथं मुलग्यांच्याही कमरा जातात.

काळजी करायची तर दोन गोष्टींची करा आणि तिला आधीच सांगून ठेवा. पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून अवजारांना फिरवणारा, शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणी, मोकळी वेणी, सैल बाही काहीही त्यात गुंतलं तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. अंगावर घट्ट बसणारा कामाचा ड्रेस, केस टोपीखाली, आणि शाफ्टवर कव्हर नसेल तर इंजिन बंद करूनच जवळ जायचं. दुसरी गोष्ट नोझलची, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीची. नोझलमधून उडणारा डिझेलचा फवारा कातडीत घुसतो. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत डिझेल पसरतं आणि बोट जाऊ शकतं. गळती कधीही हातानं चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. फवारा लागलाच तर घरी हळद लावत न बसता थेट दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना सांगायचं, दाबाखालचं डिझेल आत गेलंय.

मुलींसाठी आयटीआयात जागा राखीव असतात. प्रवेशाआधी तुम्ही स्वतः संस्थेत जाऊन या. मुलींचं स्वच्छतागृह वापरण्यासारखं आहे का, आणि संध्याकाळची शेवटची एसटी कधी आहे, हे बघा. मुलींचं शिक्षण अर्ध्यावर सुटतं ते बऱ्याचदा अशा गोष्टींपायी. आणखी एक : पंप-नोझल टेस्टिंग किंवा वायरिंगचं काम तिला आवडलं तर जरूर करू द्या, पण ‘मुलींना शोभतं’ म्हणून तिकडे ढकलू नका.

प्रश्न : जुन्या ट्रॅक्टरवर माझा हात बसलेला आहे. परवा ५० एचपीच्या वरचा नवा ट्रॅक्टर आला, डिझेल संपून बंद पडलेला. नेहमीप्रमाणे नोझलचे नट सैल करून हवा काढायला निघालो तर मालकानं अडवलं, डीलरनं हात लावू नका असं सांगितलंय म्हणे. आता आमच्यासारख्यांनी काय करायचं?
(एक गॅरेजवाले, ता. दर्यापूर)

उत्तर : भाऊ, मालकानं अडवलं ते चांगलंच केलं. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि त्यामुळे या ट्रॅक्टरांत कॉमन रेल (सगळ्या नोझलांना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणारी) इंजिनं आली. जुन्या पंपाचं नोझल साधारण २०० बारला (बार हे दाबाचं माप) उघडतं. तिथं नट सैल करून स्टार्टर मारला की हवा फसफसून निघते. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. तिथं तो नट सैल करून स्टार्टर मारणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. मॅन्युअलमध्ये दिलंय त्याप्रमाणे फिल्टरच्या बाजूनं, हातपंपानं किंवा टाकीतल्या इलेक्ट्रिक पंपानंच हवा काढायची.

पण टाकीपासून फिल्टरपर्यंतचं तुमचं ज्ञान जसंच्या तसं उपयोगी आहे. हातपंप मारताना आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच हवा काढायचा स्क्रू आवळायचा. पुन्हापुन्हा हवा धरत असेल तर टाकी ते फीडपंप हा तुकडा तपासा. तिथं पंप ओढत असतो, त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर न गळता हवा आत जाते. पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि माणूस फसतो. जुनेच तांब्याचे वॉशर पुन्हा बसवले असतील तर पहिला संशय त्यांच्यावर घ्या.

नवीन शिकायचं ते मल्टीमीटरपासून (व्होल्ट मोजायच्या मीटरपासून) सुरू करा, स्कॅनर (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) नंतर. आराम दिलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर मारताना ती १० च्या खाली जात असेल तर सेन्सरला दोष देण्याआधी बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंग बघा. बऱ्याच सेन्सरांना ईसीयूकडून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडून, ५ व्होल्ट मिळतात. प्लगमध्ये ते येतायत की नाही हे मोजलं की दोष वायरचा की सेन्सरचा, ते निम्मं उकलतं. स्कॅनर महाग पडतो, तेव्हा आसपासच्या दोन-तीन गॅरेजांनी मिळून घ्यायला हरकत नाही.

शिकायला मध्य प्रदेशातलं बुदनी तुम्हाला फार दूर नाही. तिथं केंद्र सरकारची कृषी यंत्रांचं प्रशिक्षण आणि चाचणी करणारी संस्था १९५५ पासून चालू आहे, तंत्रज्ञांसाठी अल्प मुदतीचे वर्ग होतात. तुमच्याकडे पेरण्या झाल्या की गॅरेजला थोडी उसंत असते, तेव्हा जाऊन या. तोवर एक करा : अशा नव्या ट्रॅक्टरचा हुक किंवा ब्रॅकेट वेल्डिंगला आला तर आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा, ईसीयूचा प्लग सोडवा आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावा.