जुन्या गाडीतला आयपॉडवाला टेप काढून टाकावा का?

काढू नका. निदान महिनाभर वापरून बघा आणि मग ठरवा.

तुम्ही लिहिलंय की २००९ची सेकंड हॅण्ड गाडी घेतलीय, टेपवर आयपॉडचं (अॅपलच्या गाणी वाजवणाऱ्या छोट्या प्लेयरचं) नाव आहे आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये मागून एक रुंद, चपट्या टोकाची वायर आलीय. घरात आयपॉड क्लासिक पडून आहे. दुकानदार म्हणतो, हे भंगार काढा आणि मोठी स्क्रीन लावा. मी अशीच सिस्टीम बरीच वर्षं वापरतोय, म्हणून सांगतो.

ती चपटी पिन ३० टोकांची आहे. २००३च्या आयपॉडपासून ती आली आणि २०१२मध्ये आयफोन ५ आला तेव्हा तिच्या जागी छोटी लाइटनिंग पिन आली. तुमच्या क्लासिकला हीच रुंद पिन लागते, म्हणजे जोडी जमलेली आहे. या पिनेतून आवाज थेट बाहेर येतो, हेडफोनच्या भोकातून येत नाही. हा फरक कानाला कळतो. हेडफोनच्या भोकातून टेपच्या ऑक्सला, म्हणजे बाहेरचा आवाज घेणाऱ्या गोल भोकाला, वायर लावली की प्लेयरचा छोटा अॅम्प्लिफायर मध्ये येतो. त्याच्यावर पुन्हा गाडीचा अॅम्प्लिफायर चढतो आणि तबल्याचा बायाँ फुगल्यासारखा वाजतो. पिनेतून तोच बायाँ मोकळा ऐकू येतो. आयपॉडमधला इक्वलायझर मात्र बंद ठेवा, बास-ट्रेबल काय करायचं ते गाडीच्या टेपवरच करा.

वायर जोडल्यावर आयपॉडची बटणं चालेनाशी झाली तर घाबरू नका. बऱ्याच सिस्टीम ताबा स्वतःकडे घेतात आणि गाणी टेपच्या बटणांवरून निवडावी लागतात. हजार गाण्यांच्या यादीतून असं एकेक पुढे जाणं गाडी चालवताना धोक्याचं आहे. घरीच प्लेलिस्ट करून ठेवा, नावं छोटी ठेवा आणि निघण्याआधी लावून टाका. जुन्या टेपच्या पडद्यावर देवनागरी बहुधा चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन येते. मी प्लेलिस्टची नावं रोमन अक्षरांत लिहितो.

चार्जिंगची एक गोम आहे. तिने माझे दोन आठवडे खाल्ले. माझ्याकडे चौथ्या पिढीचा आयपॉड नॅनो होता. गाणी वाजायची, पण बॅटरी उतरत जायची. मी दोन वायरी बदलल्या. शेवटी कळलं की जुन्या कार किट (गाडीला आयपॉड जोडायचे संच) त्या पिनेतून १२ व्होल्ट देतात आणि २००८पासून आलेले आयपॉड नॅनो, आयपॉड टच, आयफोन ३जी फक्त यूएसबीचे ५ व्होल्ट घेतात. वायर चांगलीच होती. उद्या क्लासिकऐवजी असलं काही लावलंत तर हे लक्षात असू द्या.

पिनेऐवजी ऑक्स वापरायची वेळ आली आणि सिगारेट लायटरमधून चार्जिंगही चालू असेल, तर अॅक्सिलरेटर दाबाल तशी एक चिरकी शिट्टी वाढत जाते. चार्जर काढून बघा. शिट्टी थांबली तर दोष अर्थिंगचा आहे. ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे ही शिट्टी अडवणारी छोटी डबी, लावला की काम होतं, टेप बदलायची गरज नाही.

टेपला यूएसबीचं भोक असेल तर पेन ड्राइव्हही चालेल. तो एफएटी३२मध्ये फॉरमॅट करा आणि गाणी एमपी३मध्ये ठेवा. अनेक टेप फायली नावाच्या क्रमाने न वाजवता कॉपी केलेल्या क्रमाने वाजवतात, त्यामुळे एकेक फोल्डर ओळीने कॉपी करा. आयपॉडमधली गाणी उचलून पेन ड्राइव्हवर टाकायला जाऊ नका. आयपॉड फायलींना चार अक्षरांची भलतीच नावं देतो. मूळ फायली संगणकावर असतील तर तिथूनच घ्या.

फोन आणि ब्लूटूथ असताना हा सगळा खटाटोप कशाला, असं तुम्हाला कुणीतरी विचारेलच. माझं उत्तर वरंध घाटात मिळतं. वळणावळणांवर नेटवर्क जातं, ऑनलाइन गाणं मध्येच तुटतं, आणि चालू असलंच तर फोन येऊन आलाप कापला जातो. आयपॉडवर मी वडिलांच्या कॅसेटींवरून उतरवलेली भजनं ठेवली आहेत. भोरपासून महाडपर्यंत ती सलग वाजतात. वडील मागच्या सीटवर डोळे मिटून बसतात आणि टाळाच्या ठेक्यावर गुडघ्यावर बोटं वाजवतात. या एका गोष्टीसाठी मी मोठी स्क्रीन घेतलेली नाही.

क्लासिकच्या आत फिरती हार्ड डिस्क आहे, ती धक्क्यांना जपा. डॅशबोर्डवर मोकळा ठेवू नका, ग्लोव्ह बॉक्समध्ये फडक्यात गुंडाळून ठेवा. उन्हात गाडी लावलीत तर काढून घरी न्या. अॅपलच्या सूचनेप्रमाणे तो ४५ अंशांच्या वर ठेवायचा नाही आणि मे महिन्यात बंद गाडी त्याच्या पुष्कळ पुढे जाते. मागचं स्टीलचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी गेली असं समजा. मग तो चार्जिंगला लावू नका, आधी बॅटरी बदलून घ्या.