एक ब्रास सामान म्हणजे किती घनमीटर?

तुम्ही लातूरहून कळवले आहे की, सहकुटुंब हॅम्बुर्गला येताना वीस खोकी आणि एक लोखंडी पेटी जहाजाने पाठवायची आहे, आणि मालवाहतूकदाराने घनमीटर विचारल्यावर तुम्ही ९७.५ घनफुटांना ३.२८ ने भागून २९.७ घनमीटर काढले. आता भाड्याच्या धास्तीने निम्मे सामान भावाकडे ठेवण्याचा विचार आहे. कृपया तसे करू नका. तुमचे घनफूट बरोबर आहेत, चुकला आहे तो भागाकार.

एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, हे लांबीचे माप झाले. एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशा चौकोनी खोक्यात मात्र तिन्ही बाजूंना ३.२८ फूट बसतात, म्हणून ३.२८ ला तीनदा गुणावे लागते आणि उत्तर ३५.३ येते. ९७.५ ला ३५.३ ने भागले की २.७६ घनमीटर होतात. आपल्याकडे वाळू ब्रासने घेतात आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. तुमचे सगळे सामान ब्रासभरही नाही, आणि तुमच्या उत्तराप्रमाणे त्याने जवळजवळ अख्खा वीस फुटी कंटेनर भरला असता, कारण त्यात साधारण ३३ घनमीटर जागा असते.

घनफूट काढण्याची तुमची रीत योग्यच आहे: १८ × १८ × २४ इंचांच्या खोक्याचे ७,७७६ घनइंच होतात, त्यांना १,७२८ ने भागले की ४.५ घनफूट. (१२ ने भागण्याची चूक इथेही होते; १२ × १२ × १२ म्हणजे १,७२८.) पण ही मापे कोऱ्या खोक्याची आहेत, आणि नेमके तिथेच मी फसलो होतो. अंबाजोगाईहून निघताना आईने शिवलेल्या दोन वाकळी मी एका खोक्यात गुडघा टेकवून कोंबल्या आणि वरून चिकटपट्टी ओढली. खोक्याचे झाकण फुगून १८ इंचांची उंची २० झाली. गोदामात फुगवट्यासकट माप घेतले गेले आणि साडेचारचे पाच घनफूट झाले. अशी दहा खोकी होती, त्यामुळे पाच घनफुटांचे भाडे मला अधिक भरावे लागले. म्हणून भरून, पट्टी लावून झाल्यावर प्रत्येक बाजूच्या सर्वांत उंच जागी टेप धरा. पेटीच्या कड्याही मोजा. ३६ इंचांची पेटी कड्यांसह ३८ भरली, तर साडेसात घनफुटांचे ७.९ होतात. हंडा गोल असला तरी तो ज्या खोक्यात बसेल, त्या खोक्याचेच माप धरले जाते, त्यामुळे त्याच्या पोकळीत कपडे भरा.

विमानाने काही पाठवणार असाल, तर सेंटीमीटरमधील लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला बहुधा ६,००० ने भागतात आणि येणारा आकडा किलो मानतात. तुमच्या खोक्याचे सुमारे २१ किलो होतात. वाकळी काट्यावर ९ किलो भरल्या तरी भाडे २१ चेच लागते. पुस्तकांचे उलटे आहे, ती जागेपेक्षा वजनाने महाग पडतात, म्हणून पुस्तके लहान खोक्यांत भरून जहाजानेच पाठवा आणि मालवाहतूकदाराला २.७६ हा आकडा भरलेल्या खोक्यांवर पुन्हा मोजूनच कळवा.